नव्या हिरवळीची सवलत

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने २०१० साली पाणीबचतीचा कायदा केला. अंगणातल्या झाडाझुडपांना पाणी घालायचे ते दुपारी चारनंतर किंवा सकाळी दहाच्या आत, हा त्यातला मुख्य नियम. पुढे अपवादांची यादी येते. शेती, खासगी विहिरी आणि ठिबक यांच्या पंगतीला तिथे नव्याने अंथरलेली हिरवळही बसली आहे. तिला पहिले ३० दिवस केव्हाही पाणी घालायची मुभा आहे. इंग्लंडमध्येही २०१२ च्या टंचाईत बागेत नळीने पाणी मारायला बंदी आली, तेव्हा काही पाणी कंपन्यांनी नव्या हिरवळीला २८ दिवसांची सूट दिली होती. टंचाईत जिच्यावर सर्वांत आधी कुऱ्हाड पडायची, तिचेच हे लाड.

कारण गवताच्या मुळाशी आहे, अगदी शब्दशः. विकतची हिरवळ शेतात वाढवतात. तयार झाली की यंत्राने मातीच्या पातळ थरासकट सोलून काढतात, तिच्या गुंडाळ्या करतात आणि ट्रकमध्ये भरून पाठवतात. या कापणीत बहुतेक मुळे शेतातच राहून जातात. अंगणात पोचते ते जवळजवळ बिनमुळाचे गवत. खालची माती धरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, ते ओलेच ठेवावे लागते. उन्हाळ्यात दिवसातून दोनदासुद्धा. दोन-चार दिवस चुकले की तुकड्यांच्या कडा आकसतात, सांधे उघडे पडतात आणि सगळा खर्च वाया जातो.

जुन्या हिरवळीचे तसे नसते. पाणी तोडले की ती पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते आणि पाऊस आला की पुन्हा फुटते. अमेरिकेच्या उष्ण राज्यांत बर्म्युडा नावाने जे गवत लावतात, ते म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहायच्या दूर्वा त्याच. ती सुकली म्हणून मेली, असे आपल्याकडचा कोणताही शेतकरी म्हणणार नाही. नव्या गुंडाळीत मात्र हा चिवटपणा अजून आलेला नसतो. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस पाणी, असा नियम जुन्या हिरवळीला सोसतो आणि नवीला मारतो.

प्रश्न उभा राहतो तो हिरवळ तिच्या मुलखाबाहेर गेली म्हणून. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समधल्या सरदारांच्या वाड्यांपुढे हिरवळी आल्या. त्यांना पाणी पावसाचे होते आणि कापायला मेंढ्या किंवा विळेवाले मजूर. मोठी हिरवळ म्हणजे पोटासाठी पिकवायची गरज नसलेल्या जमिनीचे प्रदर्शन. १८३० साली ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. स्ट्राउड हे लोकरी कापडाचे गाव. कापडावरची लव छाटणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. पुढे इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने ती यंत्रे बनवायला घेतली आणि मजुरांचा ताफा न पोसताही गुळगुळीत हिरवळ राखणे मध्यमवर्गाला शक्य झाले.

अमेरिकेत हा शौक बियांसकट गेला. केंटकीचे नाव मिरवणारे ब्लूग्रासदेखील मूळचे युरोपातले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या हौसेची सक्ती झाली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची शेते होती. तिथे १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट कुटुंबाच्या कंपनीने १७,००० हून अधिक घरे बांधली. घराबरोबर हिरवळ मिळायची आणि हंगामात ती दर आठवड्याला कापण्याची अटही घरमालकावर असायची. थोरले एब्राहम लेव्हिट रहिवाशांना बागकामाचे धडे देत. अशी उपनगरे पुढे ॲरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मुलखातही उभी राहिली. २००५ मध्ये क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे अंदाज मांडला, की अमेरिकेतल्या हिरवळींनी सुमारे १,२८,००० चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा हा दोन-पंचमांश भाग झाला. सिंचनावर वाढणाऱ्या मक्याच्या क्षेत्राच्या तिपटीहून ते अधिक होते.

निर्बंधांची परंपरा मात्र पावसाच्या देशातही जुनी आहे. ब्रिटनच्या १९४५ च्या पाणी कायद्याने टंचाईत दोन गोष्टींसाठी नळी वापरायला बंदी घालण्याचा अधिकार दिला: खासगी बाग आणि खासगी मोटार. १९७६ च्या उन्हाळ्यात तो अपुरा पडला. जूनच्या शेवटापासून सलग पंधरा दिवस देशात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांवर जात होता. ऑगस्टमध्ये संसदेने दुष्काळ कायदा संमत करून मैदाने आणि सार्वजनिक उद्यानेही कक्षेत आणली. डेनिस हॉवेल यांच्याकडे दुष्काळाचे खाते सोपवले गेले आणि काही दिवसांतच धो धो पाऊस लागला. विटकरी झालेल्या जुन्या हिरवळी त्या पावसात हिरव्या झाल्या.

जॉर्जियाची गोष्ट इतकी सुखाची नाही. अटलांटाला पाणी पुरवणारा लॅनियर जलाशय २००७ मध्ये आटत चालला, तेव्हा सप्टेंबरअखेर राज्याच्या उत्तर भागात घराबाहेर पाणी घालण्यावर जवळजवळ सरसकट बंदी आली. १३ नोव्हेंबरला गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर पावसासाठी सामूहिक प्रार्थना घेतली. आपल्याकडे गावोगाव धोंडी काढतात, तसेच ते. इकडे रोपवाटिका आणि हिरवळ विकणाऱ्यांचा धंदा बसला. पाणी घालायलाच मनाई, तर गुंडाळ्या घेणार कोण? २०१० च्या कायद्यातले ते ३० दिवस या पार्श्वभूमीवर वाचले, की ती सवलत गवताइतकीच धंद्यालाही होती, हे उमगते.

कॅलिफोर्नियात पेच आणखी गमतीदार झाला. २०१४ मध्ये राज्याने पाण्याच्या नासाडीला दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड लावला. तर गृहसंकुलांच्या संघटना हिरवळ वाळू दिली म्हणून दंड करत होत्या. शेवटी दुष्काळाच्या काळात असा दंड करू नये, असा कायदाच राज्याला करावा लागला. १ एप्रिल २०१५ ला गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडात फिलिप्स या ठिकाणी उभे राहिले. तिथे त्या दिवसांत एरवी पाच फुटांहून अधिक बर्फ असते. पायांखाली होते ते वाळके गवत. शहरांनी पाणीवापर २५ टक्क्यांनी घटवावा, असा हुकूम त्यांनी काढला. दुभाजकांवरच्या शोभेच्या गवताला पिण्याचे पाणी बंद झाले. नव्या घरांभोवती पिण्याचे पाणी द्यायचे तर ठिबकने किंवा सूक्ष्म तुषारांनीच, असेही ठरले. गवत नवे म्हणून सूट, हा न्याय इथे उलटला.

लास व्हेगासने त्याही पुढे मजल मारली. कोलोरॅडो नदीच्या पाण्यात नेवाडाचा वाटा वर्षाला अवघा तीन लाख एकर-फूट. तिथल्या जल प्राधिकरणाने वेळापत्रके लावलीच, शिवाय हिरवळ उपटणाऱ्याला रोख पैसे देणे सुरू केले. एक चौरस फूट गवत गेले की वर्षाला ५५ गॅलन, म्हणजे दोनशे लिटरवर पाणी वाचते, असा त्यांचा हिशेब आहे. आतापर्यंत २० कोटी चौरस फुटांहून जास्त, म्हणजे सुमारे साडेचार हजार एकर हिरवळ निघाली. २००३ पासून नव्या घरांच्या दर्शनी अंगणात ती अंथरायलाच बंदी आहे. २०२१ च्या कायद्याने दुभाजक, चौक आणि कार्यालयांसमोरच्या निव्वळ शोभेच्या गवताला २०२७ पासून नदीचे पाणी बंद केले. शाळा, बागा आणि एका कुटुंबाची स्वतंत्र घरे त्यातून वगळली.

महाराष्ट्राने हा वाद क्रिकेटच्या मैदानावर पाहिला. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. सामन्यांच्या मैदानांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा अंदाज चर्चेत होता. सांडपाणी प्रक्रिया करून वापरू, हा क्रिकेट मंडळाचा प्रस्ताव न्यायालयाला पटला नाही. पुण्यातला १ मेचा एक सामना तेवढा होऊ दिला. त्या वर्षीचा अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला.

अठ्ठावीस दिवस द्यावेत की तीस, हा वाद गुंडाळी दारात आल्यावरचा आहे. एकदा ती आली की पाणी देणे भाग पडते. लास व्हेगासने निर्णय त्याआधीच घेतला आणि पाणी वाचले ते तिथेच. आपल्याकडे गृहसंकुलांच्या जाहिरातींत लॉन हटकून असते आणि ताबा मात्र अनेकदा ऐन एप्रिल-मेमध्ये दिला जातो. तेव्हा सोसायट्यांनी दोन गोष्टी ठरवाव्यात: नवी हिरवळ अंथरायची तर मृगाचा पाऊस लागल्यावरच, आणि पावसाळ्यानंतर तिला द्यायला प्रक्रिया केलेले पाणी नसेल, तर अंथरायचीच नाही.