खून गावात कधी आला?

कोल्हापूरच्या वाचकाला पुस्तकातला खून नवा नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. मराठीत रहस्यकथा रुजली तेव्हा इथली वाचनाची सवय जुनी झाली होती. मात्र त्या कथांमधला खून बहुतेक वेळा मुंबईत व्हायचा.

याचं मूळ पॅरिसात आहे. १८४२ साली यूजीन स्यूची पॅरिसच्या काळोख्या वस्त्यांवरची कादंबरी वर्तमानपत्रातून क्रमशः येऊ लागली आणि तिच्यावर वाचकांच्या उड्या पडल्या. दोनच वर्षांत रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाने तोच साचा लंडनला नेला. रेनॉल्ड्स आपल्याकडे भरपूर वाचला गेला, गो. ना. दातारांनी त्याच्या कादंबऱ्यांना मराठी पेहराव चढवला. मग बाबूराव अर्नाळकर आले. हजारावर पुस्तकं, झुंजार, काळा पहाड, धनंजय असे नायक! ती वाचून पिढ्यांना वाचनाची गोडी लागली, हे ऋण मोठं आहे. पण गुन्हा राहतो महानगरात, ही समजूतही त्यांनीच पक्की केली.

तिकडे स्वीडनमध्ये १९६५ साली मय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्याने वेगळा डाव मांडला. दहा वर्षांत दहा कादंबऱ्या, आणि प्रत्येकीवर उपशीर्षक एकच: एका गुन्ह्याची कथा. दोघेही डाव्या विचारांचे. त्यांच्या लेखी गुन्हेगार एकटा खुनी नव्हता, कल्याणकारी म्हणवणारी व्यवस्थाही होती. पहिलं प्रेत सापडतं ते मोटाला या लहानशा गावाजवळच्या कालव्यातला गाळ उपसताना. तपास करणारा मार्टिन बेक थकलेला, पोटाच्या तक्रारींनी बेजार असा साधा पोलीस. काळ्या पहाडाशी त्याचं दूरचंही नातं नाही.

हेनिंग मांकेलने १९९१ मध्ये ही वाट ईस्टाड या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात नेली. त्याच्या पोलीस अधिकारी वॅलँडरच्या मालिकेतल्या पहिल्या कादंबरीची सुरुवात मला आजही थक्क करते. जानेवारीतली रात्र. म्हातारा शेतकरी जागा होतो. काहीतरी चुकतंय, पण काय ते उमगत नाही. मग लक्षात येतं, शेजाऱ्याची घोडी खिंकाळलेली नाही. शेजारच्या घरात म्हातारा-म्हातारीवर अमानुष हल्ला झालेला असतो, आणि जाताना कुणीतरी त्या घोडीला गवत घालून गेलेलं असतं.

हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. कोल्हापूरजवळच्या वडणग्यात शेजारच्या गोठ्यातली म्हैस वेळेला हंबरली नाही, तर माणूस अंथरुणातून उठतोच. सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून संशयही ओळखीच्याच माणसावर येतो. पुढे परक्यांविषयीचा द्वेष ईस्टाडमध्ये कसा पसरतो, तेच मांकेलला दाखवायचं होतं.

आपल्याकडे असं लिहायला विषय नव्हता, असं कोण म्हणेल? १९९६ साली उघडकीला आलेल्या, मुलं पळवून केलेल्या बालहत्याकांडाचा खटला कोल्हापूरच्याच सत्र न्यायालयात चालला. २००१ मध्ये त्यातल्या आरोपी दोघी बहिणींना फाशी सुनावली गेली, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. त्यावर ‘पोशम पा’ हा हिंदी चित्रपटही निघाला. पण मला वाचायची आहे ती त्या वर्षांतल्या शहराची कादंबरी: अंबाबाईच्या देवळातल्या गर्दीत पोराचा हात आई किती घट्ट धरायची, कडेवर मूल घेऊन भीक मागणाऱ्या बाईकडे गल्ली कोणत्या नजरेने पाहू लागली, आणि त्यातल्या किती निरपराध बायांना त्या नजरेने पिटाळून लावलं.