लोणावळा-मावळात घरची हिरवळ कशी जपाल? ऋतूनुसार काळजी

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजेच १०० चौरस मीटरच्या लॉनवर चार लाख लिटर! पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून इथे लॉन जगवायचे तर आधी निचरा पाहावा लागतो.

मे : चर मोकळे करा. खोलगट जागा माती-वाळूने भरून हलका उतार द्या.

जून ते सप्टेंबर : नवी हरळी पहिल्या सरींनंतर लावा. मुसळधार पावसात युरिया टाकू नका. तो वाहून ओढ्यांत आणि पुढे इंद्रायणीत जातो. उघडीप मिळाल्यावरच गवत कापा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

ऑक्टोबर : पावसाने दबलेली माती काट्याने टोचून भुसभुशीत करा. वर चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत पसरा.

हिवाळा : थंडीत हरळीची वाढ मंदावते. पाणी आणि कापणी दोन्ही कमी करा.

उन्हाळा : रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, सकाळी, मुळांपर्यंत पोहोचेल इतके पाणी द्या. पालापाचोळा न जाळता झाडांच्या आळ्यात पसरा, ओल टिकते.

वडगाव, तळेगावकडे पाऊस बराच कमी होतो. तिथे पावसाने ओढ दिली, तर पावसाळ्यातही पाणी द्यावे लागते.