समोरची रास

सावंतवाडीच्या गंजिफा म्हटलं की दशावतारी संच आठवतो: दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. पण दख्खनात राशी गंजिफाही खेळत असत, आणि त्या संचांचे जे नमुने आज उरलेत त्यांतले बहुतेक सावंतवाडीचेच. बारा राशी, प्रत्येक राशीचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. गोल पानं १४४. मेष हातात, तूळ समोरच्याच्या हातात. लग्नाच्या बाजारातही वेगळं काय असतं म्हणा.

रास हा शब्द मुळात खळ्यावरचा. झोडलेल्या भाताची रास आणि आभाळातली रास यांत व्याकरणानं काडीचाही फरक नाही. राशी म्हणजे ढीग, ढिगावरून संख्या (म्हणून तीन संख्यांचं गणित ते त्रैराशिक), आणि संख्येवरून ३० अंशांचा एक वाटा. ३६० अंशांचे बारा वाटे घातले की बारा राशी. आपण मात्र त्या वाट्याला पाय फोडले. ‘काय माझ्या राशीला आलायस!’ असं वैतागून म्हणतो तेव्हा समोरच्याला शनी ठरवून मोकळे होतो.

लग्न हा शब्दही ज्योतिषाच्या पाटीवरूनच घरात आला. लग्न म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. त्या क्षणी पूर्व क्षितिजाला जी रास चिकटलेली आहे ती लग्नरास. तो क्षण साधून अंतरपाट काढायचा, म्हणून समारंभाचं नावच लग्न पडलं. मुहूर्त टळला तरी आता नाव टळत नाही.

या लग्नराशीच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, जी रास येते ते सातवं स्थान. ते जोडीदाराचं. संस्कृत ज्योतिषात त्याला एक जुनं नाव आहे, जामित्र. ऐकताना वाटतं, यात जाया असेल, मित्र असेल, निदान जामात तरी असेल. यातलं कोणीच नाही. हा ग्रीक ‘दिआमेत्रोस’: आरपार माप, वर्तुळाचा व्यास. ‘दिआ’चा ‘द्या’ झाला आणि ‘द्या’चा ‘जा’. अद्यचं आज होतं, विद्युत्‌ची वीज होते, तीच ही वाट. ग्रीकांकडून नुसता हा शब्द आला नाही. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहज्जातकात राशींची जी दुसरी नावं नोंदली त्यांत क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य अशी मंडळी आहेत. तावुरि म्हणजे तौरोस, वृषभ. जूक म्हणजे झिगॉन, तूळ. कौर्प्य म्हणजे स्कॉर्पिओस. तोवर हे शब्द इतके रुळले होते की ग्रीक ‘होरा’ हा ‘अहोरात्र’ची पहिली-शेवटची अक्षरं गाळून झाला, असं काहीजण मानतात हेही वराहमिहिर सांगतो. परक्याला गोत्र चिकटवायची आपली हौस जुनी आहे.

कालिदासानं कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात शिवपार्वतीच्या विवाहतिथीचं वर्णन करताना हाच जामित्र शब्द घेतला. म्हणजे हिमालयाच्या घरचं कार्य, आणि मुहूर्ताच्या शुद्धीला शब्द यवनांचा. मला यातली गंमत वेगळीच वाटते. भूमितीतला व्यास, ज्याची दोन टोकं एकमेकांपासून लांबात लांब, तोच इथे नवराबायकोच्या नात्याचं नाव होऊन बसला. टोकाचा विरोध सांगणाऱ्या मापाला आपल्या लोकांनी प्रेमाच्या खोलीत जागा दिली.

आणि गुणमेलनाचं कोष्टकही तेच सांगतं. ३६ गुणांपैकी राशिकूटाचे ७. मेष-तूळ, वृषभ-वृश्चिक, सिंह-कुंभ अशा समोरासमोरच्या जोड्यांना समसप्तक म्हणतात, आणि त्यांना हे सातच्या सात मिळतात. सिंहेचा स्वामी रवी, कुंभेचा शनी. पुराणात बाप-लेक आणि ज्योतिषात शत्रू. या शत्रुत्वाचे मार्क ग्रहमैत्रीत कापले जातात, राशिकूटात नाहीत. (इथे रास म्हणजे चंद्राची. वाढदिवसाच्या तारखेवरून ‘मी लिओ’ म्हणणाऱ्याची पत्रिकेतली रास कर्क निघू शकते, मकरही.)

मग भांडण कुठे? सहा आणि आठमध्ये. षडाष्टक. लोकांच्या तोंडी खडाष्टक. ‘ष’चा ‘ख’ करायची ही जुनी मोडणी: विषाचं विख झालं आणि त्यातून विखार राहिला, भाषेची भाख झाली आणि तिची भाक. ‘भाक दिली’ म्हणताना आपण भाषाच देतो. खडाष्टक तर इतकं घरगुती झालं की शं. प. जोशींच्या संगीत नाटकाचं ते नाव झालं, आणि ज्यांनी जन्मात पंचांग उघडलं नाही तेही सासू-सुनेचं, साहेब-कारकुनाचं खडाष्टक बिनदिक्कत सांगतात. सावंतवाडीच्या बाजारात ‘त्या दोघांचां खडाष्टक आसा’ एवढं ऐकलं की कोर्टातली तारीखही कळल्यासारखी वाटते.

या शब्दाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. समसप्तकात ‘सम’ आहे, कारण मी तुझ्यापासून सातवा आणि तूही माझ्यापासून सातवी. षडाष्टकात हिशेब असमान: कन्या मेषेपासून सहावी, पण मेष कन्येपासून आठवी. ज्योतिषाच्या नियमानं सातव्या स्थानावर प्रत्येक ग्रहाची पूर्ण दृष्टी, आठव्यावर बहुतेकांची पाऊण, सहाव्यावर कुणाचीच नाही. म्हणजे एक बघतो आणि दुसऱ्याचं लक्षच नाही! खडाष्टक हा विरोध नव्हेच. ही एकतर्फी नजर. शब्द घडवणाऱ्यानं एवढा विचार केला असेल असं मी म्हणत नाही, पण संसार पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

पंचांगकर्त्यांना मात्र माणसांची दया आली असावी. खडाष्टकाच्या बारा जोड्यांपैकी सहा मृत्युषडाष्टकाच्या, आणि उरलेल्या सहा चक्क प्रीतिषडाष्टकाच्या. मेष-कन्या मृत्यूच्या यादीत, मेष-वृश्चिक प्रीतीच्या, कारण मेष-वृश्चिकेचा मालक एकच, मंगळ. मालक एक किंवा मालकांची मैत्री असली की भांडण चालतं. ‘प्रीतिषडाष्टक’ हा शब्द कोशात धूळ खात पडावा हे मला बरं वाटत नाही. गावातल्या निम्म्या जोडप्यांना तो लागू आहे.

छत्तीसच्या आकड्याबद्दल एवढंच: ३६ लिहिताना तीन आणि सहा पाठी फिरवतात म्हणून तो वैराचा, आणि गुण मात्र छत्तीसच्या छत्तीस हवेत. हा घोळ देवनागरी लिपीचा. ज्योतिषाला त्यात ओढू नये.

सिंधुदुर्गात टिपण, म्हणजे पत्रिका, हा शेवटचा शब्द नसतोच. टिपणात खडाष्टक निघालं, किंवा सगळं जुळूनही मन धजावलं नाही, की घरचा कर्ता ग्रामदेवतेच्या देवळात जातो. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो, प्रश्न विचारतो, आणि उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची याकडे सगळे डोळे लावून बसतात. याला कौल लावणं म्हणतात. कौल हा अरबी ‘क़ौल’: बोल, दिलेला शब्द. तोच जमिनीच्या कौलनाम्यातला, आणि आता निवडणुकीनंतर वर्तमानपत्रात छापला जाणारा. संस्कृत षडाष्टकानं अडवलं तर अरबी कौल सोडवतो. ‘देवान उजवो कौल दिल्यान’ असं एकदा ठरलं की मग मेष आणि कन्या कितव्या घरात बसल्यात हे भटजीही विचारत नाही. तो मंगल कार्यालयाची तारीख मोकळी आहे का ते विचारतो.