औशाचे बोळ व वाऱ्याची वाट

औशाचें नांव इतिहासग्रंथांत येतें तें बहुधा लढाईच्या निमित्तानें. १६३६ चा मोगलांचा वेढा किंवा १७६० ची उदगीरची मोहीम, एवढ्यापुरताच हा भुईकोट अभ्यासकांच्या नजरेपुढें उभा राहतो. त्याच्या आसमंतांतील वस्त्यांचे बोळ बखरींत यावयाचे नाहींत. तथापि बोळ हाहि एक कागदच होय; त्याची रुंदी, वळण व भिंतींची उंची हीं त्यावरील अक्षरें. तीं वाचण्याचा अल्प प्रयत्न आम्हीं येथें केला आहे.

औसा तालुक्यांतील जुन्या गावठाणांत घर म्हणजे दगडमातीच्या, दोन फुटांहून जाड भिंती. वर लाकडी खांब-तुळयांवर तोललेलें माळवद व त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. रस्त्याकडे खिडक्या थोड्या. उजेड व वारा येई तो चौकांतून व छतांतील झरोक्यांतून. घरें एकमेकांस लागून असल्यानें मधला बोळ अरुंद राही. त्याची रुंदी सहा फूट व भिंत बारा फूट धरली, तर उंची रुंदीच्या दुप्पट होते. नागर हवामानाचे अभ्यासक टिमोथी ओक यांनीं १९८८ त असें मांडलें कीं, वारा रस्त्यास आडवा वाहत असतां इमारतींची उंची रुंदीच्या सुमारें दोनतृतीयांशाहून अधिक झाली, म्हणजे मुख्य प्रवाह छपरांवरूनच निघून जातो. खालीं मंद भोवरा तेवढा राहतो. या मापानें आमचे बोळ आडव्या वाऱ्यास बंदच म्हटले पाहिजेत.

हा दोष समजावा काय? मुंबईचें उदाहरण घेऊं. १८९६ च्या प्लेगनंतर तेथें १८९८ त इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आतांचा शामळदास गांधी मार्ग, काढला. पश्चिमेचा समुद्रवारा आंतल्या मोहल्ल्यांत पोंचावा हा त्याचा एक हेतु होता. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियमहि प्रसिद्ध आहे. खोलीपुढें समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी असावी, असें त्याचें तात्पर्य. म्हणजे प्रमाण पुन्हां दुपटीचेंच! त्या नियमानें उजेड मिळे. वाऱ्यासाठीं रस्ताच काढावा लागला.

परंतु मुंबईचा वारा समुद्रावरून येतो. औशास उन्हाळ्यांत भर दुपारीं येतो तो तापलेल्या काळ्या रानावरून. असा वारा वरच्यावर निघून गेला व खालीं सावली राहिली, तर तो लाभच. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषी. रात्रीं आकाशाकडे उघडे असलेले चौक व माळवद निवत, आणि माणसें माळवदावर निजत. दिवसा वारा अडवावा व रात्रीं वरून घ्यावा, अशी ही रचना होती, असें आम्हांस वाटतें.

दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं याच तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. ज्या भिंतींनीं ऊन अडविलें, त्याच भिंती व तेंच माळवद निजलेल्यांवर कोसळलें. दगडमातीनें बोळ भरले. पुढें बावन्न गावें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. रस्ते सरळ व रुंद, घरें सुटीं. भूकंपाच्या दृष्टीनें हें युक्तच होय. परंतु तीस फुटी रस्ता व दहा फुटी घर धरलें, तर प्रमाण एकतृतीयांशावर येतें. वारा जमिनीपर्यंत उतरतो, आणि त्याजबरोबर ऊन व धूळहि. यास्तव रस्त्याची रुंदी ठरवितांना त्या स्थळीं कोणता वारा कोणत्या प्रहरीं वाहतो हें आधीं पाहावें, आणि जुन्या भिंतींचें सावलीचें काम झाडें व ओसरी यांवर सोंपवावें, असें आमचें मत आहे.

ओसाड गावठाणांतील पडक्या भिंती पावसाळ्यागणिक ढासळत आहेत. जुनीं दप्तरें जमविणाऱ्या मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, घरवांटणीचे कागद, वाड्यांचे नकाशे किंवा भिंतीबोळाच्या तंट्यांचे निवाडे हातीं आल्यास त्यांतील हात, गज व खण यांचीं मापें टिपून ठेवावीं. लढायांच्या तारखा पुष्कळ कागदांत सांपडतील. बोळाचें माप एकदां गेलें म्हणजे दुसरीकडे मिळावयाचें नाहीं.