मानमोडी आणि शंभर मात्रांची कुपी

कोंबडी मान टाकून खुराड्याच्या कोपऱ्यात बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिला द्यायचं काय? हळद, लसूण, कांद्याचा रस, कडुनिंबाचा पाला अशी उत्तरं पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणी-मालडुंगेकडच्या वाड्यांपासून खाडीकाठच्या आगरी गावांपर्यंत सगळीकडे मिळतात. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक कारखाना १८७२ पासून ज्या पनवेल गावात आहे, तिथे औषधावर श्रद्धा असणं नवलाचं नाही. पण गेल्या शंभर वर्षांतल्या कोंबड्यांच्या रोगांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे असं दिसतं. घरची एक आजारी कोंबडी वाचवण्याचा उपाय बहुतेक वेळा नव्हताच, आणि बाकीच्या वाचवण्याचा उपाय एका घराच्या हातातला नव्हता. अंगणातल्या कोंबडीचं आरोग्य ही मुळात वाडीची बाब आहे. पशुवैद्यकाची व्यवस्था मात्र मालकाच्या हिशोबाने उभी राहिली.

ही व्यवस्था कोंबडीसाठी जन्मलीच नव्हती. मुंबईच्या परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं १८८६ मध्ये. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. या साऱ्यामागे चिंता होती ती गुरांच्या बुळकांडीची, कारण बैल मेला की शेती थांबते आणि सारा बुडतो. कोंबडीवर सारा नव्हता. ती घरातल्या बाईची. अंड्यांचे पैसे मीठ-तेलाला, कोंबडा गटारीला, पाहुण्याला किंवा देवाच्या राखणीला. असं धन सरकारी दप्तरात उमटत नाही. यातली गंमत अशी की प्रयोगशाळेत सौम्य केलेल्या जंतूंची पहिली लस कोंबडीच्याच रोगावर, कॉलऱ्यावर, लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास करून दाखवली होती. आपल्याकडच्या कोंबडीला मात्र तिच्या सर्वांत मोठ्या मारेकऱ्यावरची लस मिळायला आणखी साठेक वर्षं गेली. तो मारेकरी म्हणजे मानमोडी. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हा रोग नोंदला गेला, पाठोपाठ कुमाऊंतल्या राणीखेतला सापडला आणि आपल्याकडे त्याच गावाच्या नावाने रूढ झाला. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास घेणं, लुळे पंख, पिळवटलेली मान, आणि मग खुराडंच रिकामं. कारण विषाणू असल्याने प्रतिजैविकांचा त्यावर इलाज नाही. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरला हाच विषाणू अंड्यातल्या गर्भात पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला गेला आणि लस तयार झाली. राणीखेत आणि मुक्तेश्वर एकाच डोंगररांगेत, म्हणजे रोग आणि उतारा शेजारी-शेजारीच.

लस आली, तरी खुराड्यापर्यंत पोचायला तिला कुपीचाच अडथळा झाला. या लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती थंडीत ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला हे सोयीचं. तिथे सगळी पिल्लं एकाच दिवशी जन्मलेली असतात. अंगणात दहा पाखरं, त्यांत दोन कोंबडे, तीन तलंगा, एक खुडूक आणि एका कोंबडीमागे आठवड्याची पिल्लं. मोठ्यांना टोचायची लस पिल्लांना झेपत नाही, त्यांना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायची वेगळी सौम्य लस लागते. म्हणजे दहा पाखरांसाठी दोन कुप्या फोडायच्या आणि नव्वद टक्क्यांहून अधिक औषध ओतून द्यायचं. तालुक्याच्या दवाखान्यातून ती आणण्याचं भाडंही कोंबडीच्या किमतीशी ताडून पाहावं लागतं. बाई लस घेत नाही ती अडाणीपणाने नव्हे. तिचा हिशोब बरोबर आहे. पनवेल, खालापूर, कर्जतच्या पट्ट्यात ब्रॉयलरच्या शेड उभ्या राहिल्या तेव्हा विज्ञान त्यांच्या मापाला आपोआप बसलं, अंगणाच्या मापाला बसलं नाही.

यावर कुणी म्हणेल, गावठी कोंबडी काटक असते, शतकानुशतकं लशीवाचून जगलीच ना. अर्धं खरं आहे. उकिरड्यावर वाढलेलं पाखरू ऊन-पाऊस, कीड, उपास सोसतं. पण मानमोडीपुढे ते काटकपण टिकत नाही. १९२६ च्या आधी असा रोग नव्हताच असं ठामपणे म्हणता येणार नाही, तरी पूर्वीच्या वाड्यांना एक संरक्षण होतं, ते म्हणजे अंतर. पनवेल हे बंदर आणि घाट यांच्या सांध्यावरचं बाजाराचं गाव. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला, पुढे हमरस्ते आले, आणि जिवंत कोंबडी एका दिवसात जिल्हा ओलांडू लागली. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा पाच-सहा दिवस, कधी पंधरवडा जातो. तेवढ्यात धडधाकट दिसणारं पाखरू बाजारात विकलं जातं आणि शेजारच्या वाडीत रोग उतरतो. मर सुरू झाली की ‘मरायच्या आत विकून टाका’ हा सल्ला एका घरापुरता शहाणपणाचा आणि वाडीसाठी घातक ठरतो. म्हणून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवणं, आजारी पाखराचं दाणा-पाणी निराळं करणं, मेलेलं खोल पुरून वर चुना टाकणं हे उपाय काढ्यापेक्षा कितीतरी मोलाचे. पण शेजारणीनेही ते पाळले तरच, कारण दुपारी सगळ्यांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोगांचे कारखाने मोठ्या शेड आहेत, मग शिस्त गरिबाच्या खुराड्याला का? २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रींमध्येच सापडला, हे खरं. पण जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला, पनवेलपासून तासाभराच्या आत, तो घरगुती कोंबड्यांमध्ये निघाला. शेजारी पाणथळी, स्थलांतरित पक्षी, बाजार. विषाणूला शेडच हवी असं नाही. आणि चिरनेरनेच दाखवलं की शासनाला वाडी हे एकक नीट समजतं. बाधित जागेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ आखलं जातं आणि आतल्या कोंबड्या मारल्या जातात, मग त्या कुणाच्याही असोत. मारताना वर्तुळ मोजायचं आणि मानमोडीची लस देताना एकेक मालक मोजायचा, ही विसंगती खुराड्यातल्या बाईची नाही. अशा घातक बर्ड फ्लूला आपल्याकडे लस दिली जात नाही, तिथे वेळेवर कळवणं हाच बचाव. पण ज्या दवाखान्याने आधी कधी लस दिली नाही, त्याला मर झाल्याचं कळवायला कुणी धावत जाईल अशी अपेक्षा फाजील आहे.

मापाची ही अडचण सुटण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात उष्णता सोसणारी लस मुद्दाम खेड्यांसाठी घडवली गेली आणि मोझांबिक, टांझानियात गावोगाव थेंबाथेंबाने वापरली गेली. आपल्याकडे राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानातल्या बचतगटांतून पशुसखी तयार झाल्या आहेत. थर्मासमध्ये बर्फ घालून एका सकाळी त्या वाडीत आल्या, तर वीस घरांची दोनशे पाखरं दोन तासांत होतात. मात्र त्या पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी यायला हव्यात. एकदा उकिरड्यावर पांगल्या की एकही हाती लागत नाही.