हिल्लाचा तरंगता पूल

मुसलमानांच्या इतिहासावर लिहिताना आपण मशिदी, किल्ले आणि मकबऱ्यांपाशी थांबतो. होड्यांच्या पुलाची आठवण कुणी काढत नाही, कारण त्याचे अवशेष उरत नाहीत. पण मध्ययुगीन इराकमधली रहदारी आणि व्यापार अशाच पुलांवर चालत असे.

दजला आणि फरात, म्हणजेच टायग्रिस आणि युफ्रेटिस, या नद्या वसंत ऋतूत उत्तरेकडच्या डोंगरांवरील बर्फ वितळला की फुगतात आणि पुढे ओसरतात. अशा पात्रात होडी आखूड साखळीने तळाशी जखडली, तर पाणी चढताच तिचे नाक खाली ओढले जाते. साखळी फार सैल सोडली, तर पाणी उतरल्यावर होडी भरकटून शेजारच्या होडीवर आदळते. तिला वरखाली होऊ द्यायचे, पण वाहून जाऊ द्यायचे नाही, हाच कोणत्याही तरंगत्या धक्क्यापुढचा प्रश्न असतो.

1184 मध्ये अंदलूसचा प्रवासी इब्न जुबैर हजहून परतताना फरातकाठच्या हिल्ला शहरात पोहोचला. तेथे त्याने मोठ्या होड्यांचा पूल पाहिला. दोन्ही बाजूंनी लोखंडी साखळ्या होत्या आणि त्या दोन्ही काठांवर रोवलेल्या लाकडांना बांधल्या होत्या. पूर्वी हाजींना नावांतून नदी ओलांडावी लागे. त्यांच्या सोयीसाठी खलिफाने हा पूल बांधवला, असे तो नमूद करतो. तेव्हा अब्बासी खलिफा अल-नासिर गादीवर होता. जवळजवळ दीडशे वर्षांनी, 1327 मध्ये, इब्न बतूतानेही हिल्लाच्या पुलाचे असेच वर्णन केले.

या रचनेत आधार काठावर होता. साखळीमुळे होड्या रांगेत राहत आणि पाण्याबरोबर चढत-उतरत.

मात्र साखळी म्हणजे हमी नव्हे. त्याच प्रवासात इब्न जुबैर बगदादला पोहोचला, तेव्हा तिथला पूल दजलेच्या पुराने वाहून नेला होता आणि लोक नावांतून ये-जा करत होते. खिलाफतीच्या राजधानीचाही नदीपुढे इलाज चालला नाही.

म्हणून असा पूल एकदा बांधून संपत नसे. साखळ्या तपासणे, कुजलेली होडी बदलणे, पुरानंतर पुन्हा उभारणी करणे हे काम दरवर्षीचे होते. ते करणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. हाजींचे काफिले मात्र त्यांच्याच भरवशावर पैलतीरी पोहोचत.