खेळ बघणाऱ्याचा धर्म

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा बँकेतल्या आठवणींवर लिहावे असे सर्वांना वाटत होते. मी मात्र विषय निवडला खेळाचा, आणि तोही खेळणाऱ्यांचा नव्हे, शेजारी उभे राहून बघणाऱ्यांचा. खाली हॉलमध्ये पत्ते, कॅरम, बुद्धिबळ रोज चालते. मुले लॅपटॉपवर साम्राज्ये उभारतात. खेळणारे चार आणि बघणारे दहा, हे आपल्याकडचे नेहमीचे प्रमाण! तेव्हा बघणाऱ्यांचाही इतिहास कोणीतरी सांगायला हवा.

दोघांच्या खेळात बघ्याने तोंड उघडले तर एक चाल फुटते. तिघे, चौघे किंवा सात जण खेळत असले की गोष्ट वेगळी होते. तिथे तह होतात, गुप्त बोलणी होतात, शब्द दिले जातात आणि मोडलेही जातात. बघणाऱ्याने तिथे एक वाक्य टाकले, तर दोन खेळाडूंमधला विश्वासच फुटतो.

हा प्रकार आपल्या देशात फार जुना आहे. इ.स. १०३० च्या सुमारास अल्-बिरुनीने हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात चौघांनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. पट आपला नेहमीचाच, चौसष्ट घरांचा. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स यांनीही अठराव्या शतकाच्या अखेरीस या खेळावर निबंध लिहिला. त्यांना एका पंडिताने व्यास-युधिष्ठिर संवादातून त्याचे नियम सांगितले होते. प्रत्येकाकडे राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी. त्यातला एक नियम मला फार बोलका वाटतो. राजा दुसऱ्याच्या राजाच्या घरात जाऊन बसला की त्याला ‘सिंहासन’ म्हणत आणि पैजेचे पैसे मिळत. पण तो जर स्वतःच्या मित्रपक्षाच्या सिंहासनावर बसला, तर दोन्ही सैन्ये त्याच्या ताब्यात येत! म्हणजे मित्राकडेही डोळा ठेवून खेळायचे, हे आपल्या पूर्वजांनी नियमातच लिहून ठेवले होते.

पुढे प्रशियात १८२४ साली फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, पूर्णत्वास नेला. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी तो बघितला आणि सैन्यात वापरण्याची शिफारस केली. या खेळात दोन्ही बाजू आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत. शत्रूचे सैन्य कुठे आहे हे त्यांना दिसत नसे. पंचाला मात्र सगळे दिसे, आणि ज्या तुकडीला जेवढे दिसू शकेल तेवढेच तो सांगे. सर्व काही माहीत असलेला माणूस गप्प राहिला तरच हा खेळ चालणार. बघ्याच्या धर्माचे मूळ मला या पंचात दिसते.

आता या विषयातला सर्वांत गाजलेला खेळ, ‘डिप्लोमसी’, म्हणजे मुत्सद्देगिरी. ॲलन कॅलहॅमर हे हार्वर्डचे विद्यार्थी. पहिले महायुद्ध कसे पेटले याचा अभ्यास करता करता त्यांनी १९५४ साली हा खेळ रचला. प्रकाशक मिळेना, म्हणून १९५९ साली पदरचे पैसे घालून ५०० संच छापले. पुढे त्यांनी शिकागोजवळच्या एका गावात टपाल वाटण्याची नोकरी केली.

या खेळात फासे नाहीत, नशीब नाही. युरोपचा नकाशा, वर्ष १९०१ आणि सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया व तुर्कस्तान. नकाशावर ३४ ठाणी, त्यातली १८ जिंकणारा विजयी. प्रत्येक फेरीआधी खेळाडू जोडीजोडीने कोपऱ्यात, गॅलरीत, जिन्यात जाऊन कुजबुजतात. मग सगळे जण आपले हुकूम गुपचूप लिहितात आणि ते एकदमच उघडले जातात. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असे नियम कुठेही म्हणत नाही. पण एकट्याच्या बळावर फारसे काही जिंकता येत नाही, त्यामुळे शब्द दिल्यावाचून गत्यंतर नाही. शब्द मोडणाऱ्याला फायदा होतो, पण पुढच्या फेरीत त्याच्याशी हातमिळवणी करायला कोण येणार?

१९६३ पासून अमेरिकेत हा खेळ टपालाने खेळू लागले. सातही जणांचे हुकूम एका संयोजकाकडे पत्राने येत. तो सगळ्यांची पत्रे वाचणार, पण ठरल्या तारखेपर्यंत कोणाला चकार शब्द सांगणार नाही. टपालवाल्याने रचलेला खेळ टपालातूनच जगभर पसरला, ही गंमतच.

बघणाऱ्यांसाठी लेखी नियमही आहेत. ब्रिजच्या स्पर्धेत प्रेक्षकाने परवानगीशिवाय एकापेक्षा अधिक खेळाडूंचे पत्ते पाहू नयेत, डाव चालू असताना चेहऱ्यावरही काही दाखवू नये आणि कोणाची चूक दिसली तरी ती बोलून दाखवू नये. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार काही गैर दिसले तर ते फक्त पंचाला सांगता येते. मध्ये पडणाऱ्या प्रेक्षकाला पंच बाहेर काढू शकतो. इंटरनेटवर मोठे सामने दाखवताना तर खेळ मुद्दाम काही मिनिटे उशिरा दाखवतात, म्हणजे बघून कोणी खेळाडूला कळवले तरी माहिती शिळी झालेली असते. नातवाने हे सांगितले तेव्हा मला राइसविट्झचा पंच आठवला. दोनशे वर्षांनी यंत्र तेच करते आहे.

बँकेत लागताना आम्हाला गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. एकाच पेठेतल्या दोन प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांची खाती आमच्याच शाखेत असत. कोणाची हुंडी थकली, कोण कर्ज मागतोय, हे सगळे समोरच्या लेजरमध्ये दिसे. दोघेही येऊन चहा पीत आणि आडून आडून विचारत. अधिकाऱ्याने नुसती भुवई उंचावली तरी बाजारात बातमी फिरली असती. ज्याला दोन्ही बाजू दिसतात त्यानेच जास्त गप्प बसायचे असते, हे मी खुर्चीत बसून शिकलो.

हे सगळे सांगायला आपल्याच हॉलमधला एक प्रसंग कारण आहे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात मुले नकाशावरचा असाच एक खेळ खेळत होती. एका मुलाने संध्याकाळभर गोड बोलून एक बेत जमवत आणला होता. बघणाऱ्या एका काकांनी दुसऱ्याला सहज सांगितले, “अरे, तो आता तुझ्यावरच चढणार आहे बघ!” काकांचा हेतू चांगलाच होता. पण त्या मुलाने पट आवरला आणि पुढे कित्येक महिने तो खाली खेळायला आला नाही. दोन घरांत लिफ्टमध्ये बोलणे बंद झाले ते वेगळेच.

मग बघ्याने कधीच बोलू नये का? तसे नाही. कौरवसभेत द्यूत चालू असताना विदुर बोलला, द्रौपदीने प्रश्न विचारल्यावर विकर्ण बोलला, आणि गप्प राहिलेल्या भीष्म-द्रोणांना आपण आजही जाब विचारतो. कारण तिथे खेळ खेळ राहिला नव्हता, माणूस पणाला लागला होता. पटावरचे राज्य जात असेल तर गप्प बसावे. खऱ्या माणसावर अन्याय होत असेल तर उठून बोलावे, आणि तेही खेळाडूच्या कानात नव्हे, सर्वांसमक्ष.

पंचवीस वर्षे आपण एका छताखाली राहतो. कोणाच्या घरात काय शिजते हे भिंतीपलीकडून सगळ्यांनाच थोडेफार कळते. तरीही सोसायटी टिकली ती बहुतेकांनी पाहिलेले पोटात ठेवले म्हणून. हॉलच्या भिंतीवर एक पाटी लावावी अशी माझी कमिटीला विनंती आहे: “बघा, आनंद घ्या, डाव संपल्यावर बोला.”